देवळाच्या शिखराला सिमेंटचा गिलावा करावा का?

प्रश्न : आमच्या गावच्या महादेवाच्या हेमाडपंती देवळाचे विटांचे शिखर पावसाळ्यात गळते. ग्रामस्थांनी वर्गणी काढून शिखराला सिमेंटचा गिलावा आणि दगडी भिंतींना ऑइलपेंट द्यायचे ठरवले आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : ग्रामस्थांची तळमळ समजते, पण ही दोन्ही कामे कृपा करून थांबवा.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले असतात आणि स्वतःच्या भारावर उभे राहतात. (अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, म्हणजे हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे आहे, तेव्हा केवळ नावावरून तुमच्या देवळाचे वय ठरवू नका.) विटांचे शिखर बहुधा नंतरचे असून त्याची जुडाई चुन्यातली असणार. चुन्याच्या गिलाव्यातून आत शिरलेली ओल पुन्हा बाहेर पडते. सिमेंटला मात्र केसाएवढ्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जाते आणि तिथेच कोंडते. त्यात विरघळलेले क्षार विटेत साठून तिला आतून पोखरतात. अशाच एका शिखराचा सिमेंटचा गिलावा काढताना मी पाहिले, की त्याचा पापुद्रा अखंड निघून हाती आला आणि मागच्या विटांचा लाल भुगा ओंजळभर खाली सांडला.

ऑइलपेंटने कोरीवकाम बुजते, आणि पुढे तो खरवडताना छिन्नीच्या मूळ खुणाही जातात. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ साली नंतर बसवलेल्या फरशा काढून मूळ दगडी रूप पुन्हा उजेडात आणावे लागले, हे ग्रामस्थांना आवर्जून सांगा. तुमच्या भिंतींना स्वच्छ पाणी आणि मऊ कुंचा पुरेसा आहे.

वर्गणी शिखरासाठीच वापरा. पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते उपटू नका, कारण मुळाबरोबर विटाही सुटून येतात. खोड कापून मूळ मारावे आणि मगच भेग भरावी. कळीचा चुना हौदात काही आठवडे भिजवून, गाळून, वाळू व सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) चुना मळायच्या दगडी चाकाच्या घाणीत मळावा. जुने गवंडी त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालत. गिलाव्याचे थर पातळ द्यावेत आणि ओल्या गोणपाटाने झाकून ते बरेच दिवस ओले ठेवावेत. पाऊस सरल्यावरचे दिवस या कामाला उत्तम; भर उन्हाळ्यात चुना पकडण्याआधीच सुकतो.

हात लावण्यापूर्वी देऊळ १९५८ च्या केंद्रीय किंवा १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित आहे का, याची पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करा. तसे असल्यास परवानगीशिवाय काहीही करता येणार नाही. चारही बाजूंची छायाचित्रे आधीच काढून ठेवा, आणि आवारात पडलेले कोरीव दगड पायऱ्यांसाठी किंवा पारासाठी कोणी उचलणार नाही, एवढे आजपासूनच पाहा.