कांद्याच्या पातीला फसू नकोस

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीच्या रानात कांद्यासारखी पात दिसली म्हणून लगेच पिशवी भरू नकोस, भावा. आधी एक पान चुरगाळून वास घे. कांद्याचा वास नाही आणि खणल्यावर खाली पापुद्र्यांचा गड्डा लागला, तर तो कोलकांदा समज. विषारी, थेट हृदयावर जातो, रस लागला तर हातही खाजतात. उन्हाळ्यात त्याचा नुसता दांडा फुलतो, पात मागाहून येते, म्हणून पावसाळ्यात नवखा हमखास फसतो.

खायची ती फोडशी ही रानभाजी. वास तिलाही नाही, पण तळाशी गड्डा नसतो, बोटांसारखी मांसल मुळं असतात. पहिल्या पावसानंतर उताराच्या गवतात उगवते, फूल पांढरं, सहा पाकळ्यांचं. कोवळी असतानाच खुड. बुडख्याकडचा पांढरा दांडा काढ, माती तीनदा धू, मग बारीक चिरून मुगाच्या डाळीत परत. (लसूण सढळ हातानं!)

कांद्याच्याच कुळातली खरी रानटी पात हवी असेल तर हिमालय गाठ. तिकडच्या उंच कुरणांवर ती उगवते, तिला फरण म्हणतात; वाळवून फोडणीत घालतात.

पहिल्या वर्षी मात्र गावातल्या एखाद्या मावशीबरोबरच जा, आणि मुळासकट उपटू नकोस.