पीडीएफ लायब्ररी निवडताय? आधी 'कऱ्हाड' छापून बघा

तिघांची टीम, पतसंस्थेसाठी मराठी पावत्यांचं सॉफ्टवेअर, आणि चार ओपन सोर्स पीडीएफ लायब्रऱ्यांपैकी (पीडीएफ बनवणारा, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा तयार कोड) गिटहबवर जास्त स्टार्स, म्हणजे लोकांची पसंती असलेली घ्यावी का, असं विचारलंयत. निदान स्टार्स बघून तरी घेऊ नका. मी हा उद्योग करून बसलोय. डॉक्युमेंटेशन सुरेख, इंग्रजी डेमो झकास. ग्राहकाकडे पहिली पावती निघाली तर 'चिपळूण'ची वेलांटी च आणि प यांच्या मध्ये, आणि 'शिर्डी'तला रफार डोक्यावर चढायचा सोडून पाय मोडून शेजारी उभा. फाँट बरोबर होता, पण लायब्ररीला शेपिंगच, म्हणजे वेलांट्या-रफार-जोडाक्षरं जागच्या जागी बसवणं, येत नव्हतं. युनिकोडच्या क्रमाने अक्षरं नुसती ओतत होती. आठवडाभर पॅच मारले, शेवटी लायब्ररीच बदलली.

तेव्हापासून आधी एक ओळ छापतो: 'कऱ्हाड, चिपळूण, शिर्डी, विठ्ठल'. लायब्ररीच्या आत हार्फबझ हे शेपिंग करणारं इंजिन असेल तर सहसा निभावतं. पायथॉन असेल तर वीझीप्रिंट बघा. ते पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत हार्फबझच वापरतं आणि लायसन्स बीएसडी आहे, म्हणजे स्वतःचा कोड खुला करायची अट नाही. नाहीतर एचटीएमएल बनवून हेडलेस क्रोमकडून (खिडकी न उघडता चालणारा क्रोम ब्राउझर) पीडीएफ काढा. मेमरी खातो, पण मराठी चोख. फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही ओपन फाँट लायसन्सखाली, बिनधास्त एम्बेड करा.

तुमच्या यादीतल्या आयटेक्स्टचं काम उत्तम आहे, पण त्याचं ओपन सोर्स लायसन्स एजीपीएल. म्हणजे स्वतःचा कोड खुला करा, नाहीतर व्यावसायिक लायसन्स विकत घ्या. देवनागरी शेपिंगचं पीडीएफकॅलिग्राफ हे वर वेगळं ॲड-ऑन. हे कोटेशन देण्याआधी बघायचं, नंतर नाही.

प्रोजेक्ट कोण सांभाळतंय तेही बघा, पण कमिट्स (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करणाऱ्यानेच २०२४ साली ५.६.० मध्ये चोरदरवाजा घातला. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून सुरक्षित शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे एका इंजिनिअरला खटकलं म्हणून तो सापडला. त्यामुळे लॉकफाइल (कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती वापरतोय त्याची यादी) कोडसोबत रेपोत ठेवा, आणि सुरक्षेचा फिक्स नसेल तर नवी आवृत्ती आली त्याच दिवशी उडी मारू नका.

आणि रक्कम अक्षरी लिहायला पॅकेज शोधू नका. एकोणीस, एकोणतीस करत नव्याण्णवपर्यंतची यादी एका ॲरेत हाताने भरा, वर शे, हजार, लाख, कोटी लावा. दुपारभराचं काम. फक्त शुद्धलेखन टीममधल्या कुणाच्या तरी आईकडून तपासून घ्या. आमचं 'एकोणसाठ' दोन वर्षं चुकीचं छापत होतं.