ब्रेकचा वास आला की तिथेच थांबा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ब्रेकचीच पत्रं जास्त आलीत आणि त्यातली निम्मी घाटातली आहेत, त्यामुळे क्लच, मायलेज, बॅटरी वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, राग मानू नका. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव.

फुरसुंगीहून : काका नमस्कार, मी आणि मिस्टर मिळून फूड ट्रेलर चालवतो, शनिवार-रविवार सासवडला लावतो. ओढायला आमची डिझेल एसयूव्ही आहे. मागच्या रविवारी रात्री परत येताना दिवे घाटात अर्धा उतार झाल्यावर जळका वास यायला लागला आणि ब्रेक पेडल एकदम मऊ होऊन पार खाली गेलं. मिस्टरांनी तीन-चारदा पंप केलं तेव्हा कशीबशी गाडी थांबली. अर्धा तास थांबलो तर पेडल परत नॉर्मल! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवलं, ते म्हणाले पॅड चांगले आहेत, काही प्रॉब्लेम नाही. खरंच नाहीये का?

ताई, प्रॉब्लेम आहे. हे उत्तर वाचून सगळं करून घेईपर्यंत कृपा करून ट्रेलर जोडू नका, एक-दोन शनिवार धंदा बुडाला तरी चालेल.

झालं काय ते सांगतो. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची नि उंचीची सगळी शक्ती घासून गरम करून टाकतो, दुसरं काही करत नाही. तुमची गाडी माणसांसकट १८०० किलो धरा. घाटात १०० मीटर उंची उतरलात आणि सगळं ब्रेकवरच उतरलात तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात घरचा २००० वॉटचा गीझर पंधरा मिनिटं चालेल, आणि ही सगळी उष्णता दोन-तीन मिनिटांत चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. आता त्याला मागे ७०० किलोचा ट्रेलर लावा, ज्याला स्वतःचा ब्रेक नाही (तुम्ही लिहिलं नाहीत पण आपल्याकडे बनवलेल्या बऱ्याच ट्रेलरना नसतो), म्हणजे त्याच चार ब्रेकवर जवळजवळ ४० टक्के जास्त उष्णता.

ती उष्णता कॅलिपरमधून (म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून) ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून हळूहळू शोषतच राहतं, आणि आपल्या पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डॉट ४ चं (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवीन ऑइल कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो, आणि डॉट ३ असेल तर २०५ वरून १४० वर. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून तुमचं पेडल स्पंजसारखं खाली गेलं. अर्ध्या तासात गार झालं, वाफेचं परत पाणी झालं, पेडल वर आलं, आणि गॅरेजवाल्याला दुसऱ्या दिवशी सगळं ठीक दिसलं. तो खोटं बोलत नाहीये, त्याने पॅड बघितले, ऑइल नाही बघितलं.

तेव्हा आधी सगळं ऑइल बदला, नुसती बाटलीतली लेव्हल वाढवून उपयोग नाही, चारही चाकांना जुनं ऑइल पूर्ण काढून एअर काढायची. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच डॉट वापरा. दर दोन वर्षांनी बदला, तुम्ही ट्रेलर ओढता तर मी दर वर्षी पावसाळा संपला की करायला सांगेन. पॅड ३ मिलीमीटरवर आले की बदला, अजून चाललंय म्हणून थांबू नका, कारण पॅड पातळ झाला की उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते ती मोजायला सांगा. मागे ड्रम असतील तर ते उघडून लायनर (ड्रमला आतून घासणारा थर) बघायला लावा, हे काम बरेच जण टाळतात.

आता ट्रेलर. पहिलं म्हणजे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर किती किलोचा चालतो ते बघा, आणि ट्रेलर ओढायचाच नाही असं लिहिलं असेल तर विषय संपला, दुसरी गाडी बघा. मग भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या, अंदाजावर जाऊ नका, मी आजपर्यंत ज्यांना ज्यांना काट्यावर पाठवलं त्यातल्या प्रत्येकाचा ट्रेलर अंदाजापेक्षा जड निघाला. ७०० किलोला मी तरी ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असल्याशिवाय घाटात जाऊ देणार नाही. युरोपात ७५० किलोच्या वर तो सक्तीचाच आहे. धक्क्यावर चालणारा ब्रेक येतो, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने हुकाजवळचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचेच ब्रेक लागतात, वायरिंग वगैरे काही लागत नाही. तो बसवून घ्या. आणि ट्रेलरला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, ते नसेल तर आरटीओत आधी विचारा.

दुसरं, वजन कुठे ठेवताय? हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यायला हवा, म्हणजे ७०० किलोला ७० किलो, आणि तो गाडीच्या हुकाच्या मर्यादेत बसला पाहिजे. घरातला वजनकाटा ठोकळ्यावर ठेवून त्यावर दांडा टेकवला की कळतं, त्या वेळी चाकांना पुढून-मागून दगड लावा. पाण्याची टाकी कुठे आहे बघा, २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, ती मागच्या टोकाला असेल तर हुकावरचा भार उचलला जातो आणि ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा झुलायला लागतो. अर्धी भरलेली टाकी अजून वाईट, पाणी हिंदकळतं. रिकामी करून निघा आणि सासवडला जाऊन भरा. सिलेंडर पुढच्या बाजूला, उभे, पट्ट्याने बांधलेले आणि व्हॉल्व्ह बंद. झुलायला लागलाच तर स्टीअरिंगने सावरायला जाऊ नका आणि गाडीचा ब्रेकही कचकन मारू नका, स्टीअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा. दोन साखळ्या हुकाखालून एकमेकींना क्रॉस करून लावा, म्हणजे हुक निसटला तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडेल.

आणि उतरताना, घाट सुरू व्हायच्या आधी दुसरा गिअर टाका, वेग इंजिनला धरू दे. ब्रेक सारखा हलका दाबून ठेवायचा नाही, जोरात दाबून वेग कमी करायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा, मधल्या वेळात गार होतो. बोपदेव घाटाने ट्रेलर आणूच नका, तो उतार जास्त खडा आहे. परत कधी वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, डिस्कवर पाणी ओतू नका, तडकते किंवा वाकडी होते. मिस्टरांनी त्या रात्री घाबरून न जाता पंप केलं हे फार बरं केलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

नऱ्हेहून : माझी पिकअप आहे, मार्केट यार्डचा माल आणतो साताऱ्याकडून. नवीन कात्रज बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत उतारच आहे, आमच्यातले सगळे न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं. मी पण करतो. माझ्या बायकोला हे आवडत नाही म्हणून विचारतो.

भाऊ, वहिनींचं बरोबर आहे, आणि डिझेलच्या बाबतीतही तुमचा हिशोब चुकतोय. आताची इंजिनं गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टरला डिझेलच देत नाहीत, चाकंच इंजिन फिरवतात, खर्च शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला त्याला डिझेल लागतंच, म्हणजे तुम्ही जे वाचवायला जाताय ते जाळताय.

आणि इंजिन बंद केलं तर? तुमच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा दाबलात की तो संपतो, मग पेडल दगडासारखं, दोन्ही पाय देऊन उभे राहिलात तरी गाडी पाहिजे तशी थांबत नाही. मोठ्या ट्रकला हवेचा ब्रेक असतो, तिथे कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे हवा भरणं बंद. त्यात ड्रम तापून फुगतो, शूला (लायनर ज्यावर बसवलेला असतो तो भाग) जास्त लांब सरकावं लागतं आणि पकड अजून सुटते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री याच उतारावर एका ट्रकने रांगेने गाड्या ठोकत नेल्या होत्या, तेव्हाही तपासात हेच पुढे आलं होतं, की डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला टाकली होती. खाली नवले पुलाला ट्रॅफिक तुंबलेलं असतं, टू-व्हीलरवर लोक पोरंबाळं घेऊन उभे असतात. स्वामीनारायण मंदिराच्या आसपास तुम्हाला कळलं की ब्रेक लागत नाहीये, तर त्या वेगात परत गिअर पडणार नाही भाऊ, नुसता कर्रकर्र आवाज येईल. मी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, उतारावर न्यूट्रल करण्याचं एकही कारण मला माहीत नाही. बोगद्यातच तिसरा गिअर टाका, माल भरलेला असेल तर दुसरा, आणि तिथून खाली तसेच या. तुमच्या बरोबरच्यांना पण सांगा, ही विनंती आहे.

कोथरूडहून : पावसात गाडी चार दिवस सोसायटीत उभी होती, काढली तर ब्रेकला खरखर आवाज आणि आधी हललीच नाही, मग धाडकन सुटली.

खरखर म्हणजे डिस्कवरचा गंज, आठ-दहा वेळा ब्रेक दाबलात की पुसून जातो, त्याला खर्च नको. मात्र आठवडाभर चालवूनही आवाज राहिला किंवा बारीक किंचाळल्यासारखा यायला लागला तर पॅड संपल्याची खूण आहे, दाखवून घ्या. गाडी हलली नाही कारण हँडब्रेकचे शू ओल्या ड्रमला चिकटले होते. पावसाळ्यात सपाट जागी हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. चिकटली तर ॲक्सिलरेटर देऊन जबरदस्तीने ओढू नका, लायनर निखळून येतो.

दौंड तालुक्यातून : ऊस वाहतूक करतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि ट्रॉली आडवी येते. काय करावं?

दादा, पहिला प्रश्न, ब्रेकची दोन्ही पेडलं रस्त्यावर आल्यावर लॉक करता का? शेतात वळायला एकच चाक धरायला ती वेगवेगळी दिलीत, पण रस्त्यावर ती पट्टी टाकून एक केलीच पाहिजेत, नाहीतर पाय एकावर जास्त पडला की एकच चाक धरतं. लॉक करूनही ओढत असेल तर दोन्ही पेडलांचा खेळ सारखा नाहीये, ॲडजस्ट करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

ट्रॉल्यांना ब्रेक नसतो हे तुम्हाला माहीतच आहे. मागचे पंधरा-वीस टन थांबवायचं काम ट्रॅक्टरची दोन मागची चाकं करतात, ती कशी पुरणार? ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही, ती रेटते, आणि ट्रॅक्टर जरा जरी तिरपा असेल तर त्याला फिरवून टाकते. म्हणून वळणावर ब्रेक मारायचा नाही, वळणाआधी सरळ रस्त्यात वेग कमी करायचा. उताराला लागायच्या आधी खालचा गिअर टाका आणि मध्ये बदलू नका, क्लचवर पाय पण ठेवू नका, कारण क्लच दाबला की इंजिनची पकड गेली. उतार असलेल्या रस्त्याला मी तर म्हणेन एकच ट्रॉली न्या, दोन खेपा होतील पण होऊ द्या. पिनेला खालून क्लिप आणि सोबत साखळी, पिनेच्या जागी गज किंवा पहार घातलेली मी बघितलीय, ती वाकून निसटते. आणि मागच्या ट्रॉलीचे रिफ्लेक्टर उसाच्या कांड्यांनी झाकले जातात, निघताना एकदा मागे जाऊन बघा दादा, रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दुसरं काही दिसत नसतं.

बावधनहून : मुलाची कार चांदणी चौकात बंद पडली, मित्राने दोर लावून टोचन करून आणली, उतारावर मित्राच्या गाडीला मागून धडकली. ब्रेक लागतच नव्हता म्हणतो. ब्रेक फेल झाला होता का?

नाही, फेल नव्हता. वर पिकअपवाल्या भाऊंना सांगितलं तेच, इंजिन बंद म्हणजे बूस्टर नाही, आणि स्टीअरिंगही जड. ब्रेक लागतो पण नेहमीपेक्षा कितीतरी जोरात दाबावा लागतो, हे मुलाला कोणी सांगितलंच नसेल. त्याला दुखापत झाली नाही हे वाचून बरं वाटलं. दोर लावायचाच झाला तर मागच्या गाडीत लायसन्सवालाच माणूस बसवा, चावी ऑन ठेवा नाहीतर स्टीअरिंग लॉक होतं, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको हा नियम आहे, दोराला मध्ये रंगीत फडकं बांधा, मागे ‘ऑन टो’ची पाटी लावा आणि वीसच्या पुढे जाऊ नका. दोर कायम ताणलेला ठेवायचं काम मागच्याचं असतं, हलका ब्रेक तो मारत राहतो, पुढच्याने कचकन थांबायचं नाही. गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोर लावूच नका, गिअरबॉक्स खराब होतो, फ्लॅटबेड मागवा. आणि चांदणी चौकासारखा उतार असेल तर गाडी कुठलीही असो, फ्लॅटबेडच मागवा.