ऑनलाइन रेसिंग लीगसाठी जीटी३ सारख्या वेगवान गाड्यांचा सराव कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की मागचा मोसम जीटी४ गाड्यांवर खेळलात, आता तुमची लीग त्याहून वेगवान अशा जीटी३ या रेसिंग गाड्यांच्या वर्गावर चालली आहे. खेळ असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, म्हणजे आपली एसीसी. पहिली शर्यत चार आठवड्यांनी इटलीतल्या मोंझा सर्किटला, एक तासाची, मध्ये एक सक्तीचा पिट स्टॉप. हाताशी लॉजिटेकचं जी२९ व्हील आणि रोज रात्री एखादा तास. एखादा लॅप मस्त बसतो आणि पुढच्याच लॅपला गाडी गिरकी घेऊन फिरते, ही तुमची मुख्य अडचण.

मी काही मोसमांपासून अशाच एका लीगमध्ये जीटी३ चालवतोय आणि दर मोसमात जीटी४ मधून वर आलेले नवीन लोक याच ठिकाणी अडकताना बघतोय. म्हणून सरळ सांगतो: चार आठवड्यांतला बराच वेळ ब्रेक सोडायला शिकण्यात घाला. दाबायला सगळ्यांना येतो. गाडी फिरते ती बहुतेक वेळा ब्रेक भलत्या क्षणी किंवा एका झटक्यात सोडल्यामुळे.

याचं कारण गाडीच्या घडणीत आहे. जीटी४ ही बरीचशी रस्त्यावरच्या गाडीसारखी, हवेचा दाब तिला फारसा खाली धरत नाही. जीटी३ ला पुढे स्प्लिटर (बंपरखालची फळी), खाली डिफ्युझर (हवा बाहेर काढणारा चढता तळ) आणि मागे मोठी विंग असते, आणि या सगळ्यांतून मिळणारा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, वेगाच्या वर्गाने बदलतो. मोंझाच्या मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी जीटी३ ताशी साधारण २७५ किलोमीटरच्या वेगात असते आणि पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उजव्या-डाव्या वळणांना), म्हणजे रेत्तिफिलोला, तुम्हाला जवळपास ८० पर्यंत यायचं असतं. २७५ ला जेवढा डाउनफोर्स होता त्याचा फक्त बारावा हिस्सा ८० ला उरतो. म्हणजे ब्रेक लावल्यावर पहिल्या क्षणी टायर जेवढा मार सहन करतो, तेवढा शेवटच्या क्षणी करूच शकत नाही. म्हणून सुरुवातीला ठासून दाबायचा आणि वेग उतरेल तसा पाय मागे घेत यायचं. जीटी४ मध्ये हा उतार फार सौम्य असतो, त्यामुळे पायाला ती सवयच लागलेली नसते.

शिवाय जीटी४ तिथे साधारण २३५ ला पोचते. २३५ वरून २७५ म्हणजे वेग १७ टक्क्यांनी वाढला, पण गाडीतली गतीची ऊर्जा दर किलोमागे ३७ टक्क्यांनी वाढली, आणि ती ब्रेकलाच जिरवायची असते. जुना ब्रेकिंग पॉइंट, म्हणजे ब्रेक लावायची जागा, डोक्यातून काढूनच टाका.

आता रेत्तिफिलोचं ब्रेकिंग जरा बारकाईने बघू, कारण ते जमलं की बाकी सर्किट अर्धं जमलं. सरळ पट्ट्यावर डाव्या कडेला गाडी लावा. पहिल्या आठवड्यात कडेच्या २०० मीटरच्या पाटीलाच ब्रेक लावा. लवकर वाटेल, वाटू द्या. पहिल्या दणक्यात पेडल जवळपास तळापर्यंत न्या, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जरा कुरकुरली तर चालेल. गिअर एकेक करून उतरवा, घाई नको. वेग पुरेसा उतरायच्या आत खालचा गिअर टाकलात तर इंजिन मागच्या चाकांना धरतं आणि मागचा भाग तिथेच हलायला लागतो. निम्मं अंतर कापल्यावर पेडल उचलायला लागा. उजवीकडे व्हील वळवायला सुरुवात कराल तेव्हा ब्रेक पाव-एक उरलेला असावा, आणि एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला, येईपर्यंत तो शून्यावर गेलेला असावा. हा उरलेला पाव ब्रेक पुढच्या चाकांवर वजन ठेवतो, म्हणून गाडी वळते. तो एकदम सोडलात की वजन झपकन मागे जातं आणि पुढची चाकं सरळच घसटत जातात. मग माणूस घाबरून व्हील अजून वळवतो, पुढच्या टायरना अचानक पकड मिळते आणि मागचा भाग सुटतो. तुमच्या वर्णनातली ती 'कारण नसताना' फिरलेली गाडी बहुधा अशीच फिरत असणार.

उजवं वळण संपवून डावीकडे जाताना कर्बवर (कडेच्या रंगीत उंचवट्यावर) किती चढायचं हे गाडीगणिक वेगळं, पण पहिले दोन आठवडे कर्ब शक्यतो टाळाच. व्हील सरळ होऊ लागल्याशिवाय थ्रॉटल पुरा उघडू नका. पुढे कुर्व्हा ग्रांदे या लांब वळणातून दुसऱ्या शिकेनपर्यंत लांब धाव आहे, तिथे बाहेर पडताना मिळालेला ताशी पाच किलोमीटरचा वेग आत शिरताना मिळालेल्या तेवढ्याच वेगापेक्षा कितीतरी जास्त किमतीचा.

रोजच्या तासातली पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त या एका ब्रेकिंगला द्या. बाकीचा लॅप आरामात फिरा, टायर-ब्रेक गरम ठेवा, आणि पुन्हा इथे येऊन तेच. लॅप टाइम दिसणारी खिडकी स्क्रीनवरून काढून टाका. पेडल किती दाबलंय ते दाखवणारे पट्टे मात्र दिसू द्या. ब्रेकचा पट्टा कड्यासारखा खाली कोसळतोय की उताराने खाली येतोय एवढंच बघायचं. एसीसीत मोटेकची फाइल (ब्रेक, स्टिअरिंग, वेग यांची नोंद) साठवता येते. सेटअपच्या पानावर किती लॅप नोंदवायचे तो आकडा टाका, नंतर कॉम्प्युटरवर उघडून तोच उतार शांतपणे बघा. हवं तर तुमच्याच लीगमधल्या एखाद्याची फाइल मागून घ्या. आपल्याकडची मंडळी याबाबतीत मनमोकळी आहेत, विचारलं की देतात.

हे जमलं की ब्रेकिंग पॉइंट पाच-पाच मीटरने पुढे सरकवा. तीन लॅप सलग नीट बसले तरच पुढचे पाच.

जी२९ बद्दल. त्याच्या ब्रेक पेडलमध्ये रबराचा ठोकळा असतो, त्यामुळे सुरुवातीला पेडल मऊ आणि शेवटी एकदम कडक लागतं. लोड सेल प्रकारचं महागडं पेडल पायाचा जोर मोजतं, जी२९ चं पेडल किती खाली गेलं ते मोजतं. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये ब्रेक गॅमा (पेडल किती दाबलं की ब्रेक किती लागतो ते ठरवणारा आकडा) १ पेक्षा वर नेऊन बघा, पेडलच्या सुरुवातीच्या भागात बारीक नियंत्रण मिळतं. एकदा जमलेला आकडा मात्र मोसमभर बदलू नका, पायाला तोच लक्षात राहायला हवा. आणि खुर्ची! चाकांची ऑफिस खुर्ची असेल तर जोरात ब्रेक दाबताना ती मागे सरकते, आणि दर लॅपला पाय वेगळ्या अंतरावरून दाबतो. पेडल भिंतीला टेकवा, खुर्चीची चाकं जुन्या बुटांत अडकवा किंवा सरळ लाकडी खुर्ची घ्या. नवीन पेडल विकत घेण्याआधी हे करा. हा फुकटचा इलाज आहे आणि फरक लगेच कळतो.

गाडी कोणती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लीगने निवड तुमच्यावर सोडली असेल तर पहिल्या मोसमात पोर्शे ९११ जीटी३ आर घेऊ नका. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे पुढचा भाग हलका. ज्याला ब्रेक सोडण्याची कला अवगत आहे त्याच्या हातात ती अफाट चालते, शिकणाऱ्याला छळते. मर्सिडीज-एएमजी किंवा बीएमडब्ल्यू एम४ सारखी पुढे इंजिन असलेली गाडी घ्या आणि ती बदलू नका. गाडी बदलण्याचा मोह तिसऱ्या आठवड्यात हमखास होतो.

सेटअपबद्दल, म्हणजे गाडीच्या जुळणीबद्दल, थोडंच सांगतो, कारण नवीन माणूस सरावाचा अर्धा वेळ त्यातच घालवतो. खेळात तयार मिळणारा 'सेफ' सेटअप घ्या. मोंझाला सरळ पट्ट्यावर वेग मिळावा म्हणून मागच्या विंगचा आकडा कमी करण्याकडे सगळ्यांचा कल असतो. तुम्ही एक-दोन आकडे जास्तच ठेवा, ब्रेकिंगला आणि आस्कारी या वेगवान वळणांत मागचा भाग शांत राहतो. ट्रॅक्शन कंट्रोलही (थ्रॉटल दिल्यावर चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा) सुरुवातीला एखाद्या आकड्याने वाढवलेला बरा. टायरचं प्रेशर मात्र रोज बघा: गरम झाल्यावर चारही टायर २६ ते २७ पीएसआयच्या मध्ये हवेत. हवेचं तापमान एक अंशाने बदललं की प्रेशर साधारण दशांश पीएसआयने बदलतं, म्हणून दुपारच्या सर्व्हरवर जमवलेले आकडे रात्रीच्या शर्यतीला जसेच्या तसे चालत नाहीत.

दुसरा आठवडा संपला की एकट्याचे वेगवान लॅप बंद करा आणि शर्यतीसारखे लॅप मारा. इथेच बहुतेकांची तयारी कच्ची राहते. थोड्या पेट्रोलवर, मोकळ्या सर्किटवर लॅप लावायचे आणि शर्यतीत टाकी भरून पहिल्यांदा निघायचं, मग गाडी अनोळखी वाटणारच. हिशेब करा. मोंझा ५.७९३ किलोमीटर, लॅप १ मिनिट ४९ सेकंदांचा धरला तर तासात ३३ लॅप. लॅपला तीन लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे शंभरेक लिटर. हे पंचाहत्तर किलो झाले, गाडीत एक धडधाकट माणूस जास्तीचा बसल्यासारखं. तेवढ्या वजनाने ब्रेकिंग लांबतं आणि लेस्मोच्या दोन्ही वळणांत गाडी बाहेर ओढते. म्हणून निम्मी टाकी भरून पंचवीस मिनिटं न थांबता चालवा, मग एकदा पूर्ण भरून. तुमच्या गाडीला लॅपमागे नेमकं किती लागतं ते तिथेच मोजून लिहून ठेवा, खेळाच्या अंदाजावर विसंबू नका.

या लांब धावेत बघायचं ते सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू लॅपमधलं अंतर. दर लॅपला अर्धा सेकंद हळू चाललात तर ३३ लॅपमध्ये सोळा-सतरा सेकंद जातात. एकदा गाडी फिरली, उलट्या तोंडाने थांबली, मागची रांग जाईपर्यंत वाट बघावी लागली, की तेवढेच सेकंद एका वळणावर जातात, आणि पाच-सहा जण पुढे गेलेले असतात ते वेगळंच. त्यामुळे तुमचा तो एक मस्त लॅप विसरा. त्यापेक्षा सेकंदभर हळू असलेला, पण दहा वेळा सलग जमणारा वेग शोधा आणि तोच शर्यतीचा वेग माना.

तिसऱ्या आठवड्यापासून गर्दीत चालवा. लीगचा सराव सर्व्हर असेल तर तुमच्याहून थोड्या वेगवान माणसाच्या मागे लागा आणि ओव्हरटेक न करता दहा लॅप काढा. पुढच्या गाडीच्या मागे हवा पातळ मिळते: सरळ पट्ट्यावर चार-पाच किलोमीटर वेग जास्त मिळतो आणि डाउनफोर्स मात्र कमी. म्हणजे ब्रेक लवकर लावावा लागतो, आणि समोर गाडीच असल्यामुळे पाटी धड दिसत नाही. पाटीशिवायची एखादी खूण आत्ताच हेरून ठेवा, डांबराच्या रंगात पडलेला फरक किंवा कठड्यावरचा एखादा फलक. पहिल्या लॅपला रेत्तिफिलोला वीस-पंचवीस गाड्या एकाच वेळी ब्रेक मारतात आणि रांग आवळत मागे येते. तिथे नेहमीपेक्षा तीस-चाळीस मीटर आधी ब्रेक लावा, मागच्याला अंदाज येईल असा हळूहळू, आणि शेजारी कोणी असेल तर त्याला पूर्ण एक गाडीची जागा द्या. लीगमध्ये हीच माणसं मोसमभर तुमच्या शेजारी असतात. पहिल्याच शर्यतीत भरवशाचा म्हणून नाव झालं की पुढे तेही तुम्हाला जागा देतात. मला स्वतःला या खेळात सगळ्यात जास्त आवडते ती हीच गोष्ट, दोन गाड्या कुर्व्हा ग्रांदेतून शेजारी-शेजारी जातात आणि कोणीच कोणाला लागत नाही.

हे जमायला नेटही साथ देणारं हवं. ताशी २७० च्या वेगात गाडी सेकंदाला ७५ मीटर जाते, म्हणजे दशांश सेकंदात साडेसात मीटर, गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. सर्व्हर युरोपात असेल तर आपल्याकडून पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या वर जातंच. खेळ मधली जागा अंदाजाने भरून काढतो, पण तुमच्या स्क्रीनवर हातभर दिसणारं अंतर समोरच्याच्या स्क्रीनवर टक्कर असू शकतं. अशा सर्व्हरवर शेजारी जरा जास्तच जागा सोडा. वायफाय नको, लॅनची वायर लावा. आणि विजेचा भरवसा नसेल अशा ठिकाणी राहत असाल तर कॉम्प्युटरबरोबर राउटरलाही यूपीएसवर घ्या. नुसता कॉम्प्युटर चालू राहून उपयोग नसतो, नेट गेलं की तुम्ही सर्व्हरच्या बाहेर.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही करू नका. एकदा पूर्ण तासाची शर्यत एआय गाड्यांबरोबर चालवा, पिट स्टॉपसकट. पिटमध्ये शिरतानाची रेषा, लिमिटरचं (पिटमधला वेग मर्यादेत ठेवणारं) बटण, पेट्रोल आणि टायर निवडण्याचा क्रम हे सगळं न बघता हाताला यायला हवं, कारण मोंझाला पारबोलिका या शेवटच्या वळणातून बाहेर पडताना १५० च्या वर असताना बटण शोधायला सवड मिळत नाही. आठवडाभर रोज तास बसा, रविवारी एकदम सहा तास नको. थकल्यावर पाय पुन्हा जुन्या सवयीने ब्रेक सोडायला लागतो.

चौथ्या आठवड्यातही गाडी फिरत राहिली तर रेत्तिफिलो आणि आस्कारीचे मोटेकचे आलेख खाली कमेंटमध्ये टाका, ब्रेक आणि स्टिअरिंग एकाच चित्रात दिसतील असे. कुठे सुटतंय ते सांगतो.