आपले प्रश्न : पाकिटामागचे बारीक अक्षर

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आषाढी एकादशीला त्यांनी निर्जळी उपवास केला, परंतु ‘शुगरची गोळी चुकवायची नसते’ म्हणून सकाळची गोळी मात्र घेतली. दुपारी चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरू लागले आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. शेजाऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर साखर ४८ दिसली. दोन वेळा साखरेचे पाणी पाजूनही पाऊण तासात ती ५६ पर्यंतच चढली. दवाखान्यात सलाईन लावल्यावर त्या सावध झाल्या, पण रात्री साखर पुन्हा उतरली. साखर देऊनही साखर का वाढली नाही? आणि यापुढे त्यांना उपवास करू द्यावा का? (पाकिटावर ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५०० आणि व्होग्लिबोज ०.२ असे लिहिले आहे.) — एक वाचक, सांगोला

उत्तर : आपण पाकिटामागचे बारीक अक्षर वाचून कळवलेत, हे फार बरे केलेत, कारण आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच आहेत. सासूबाई ज्याला ‘शुगरची गोळी’ म्हणतात ती दिसायला एक असली, तरी तिच्यात तीन वेगवेगळी औषधे आहेत आणि त्या दिवशी तिघांनीही आपापले काम नेमाने केले.

ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न गेले आहे की नाही याची ते फारशी वाट पाहत नाही. म्हणूनच ते दिवसाच्या पहिल्या भरपेट जेवणाबरोबर किंवा त्याच्या थोडे आधी घ्यायचे असते. जेवणच होणार नसेल, तर त्या गोळीला आधार उरत नाही. त्याचा परिणाम जवळजवळ दिवसभर टिकतो, आणि वय झालेल्या किंवा मूत्रपिंडे मंदावलेल्या माणसात त्याहूनही लांबतो. सासूबाईंची साखर रात्री पुन्हा उतरली ती यामुळेच. या गटातील औषधाने साखर एकदा उतरली, तर रुग्ण सावध झाला म्हणून लगेच घरी न नेता निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवणे इष्ट असते.

साखरेचे पाणी का लागू पडले नाही, याचे उत्तर व्होग्लिबोजमध्ये आहे. आपली चहातली साखर रक्तात जशीच्या तशी जात नाही. लहान आतड्यातील पाचक द्रव्ये आधी तिचे दोन तुकडे करतात आणि मगच त्यांतले ग्लुकोज शोषले जाते. व्होग्लिबोज नेमके हेच तुकडे होणे लांबवते. जेवणानंतर साखर एकदम चढू नये म्हणून ते दिलेले असते, पण साखर उतरलेल्या वेळी तोच गुण आड येतो. साखर, पेढा, बिस्किट, गूळ हे सारे अशा रुग्णात उशिरा पोहोचते. तिथे औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडरच हवी, कारण तिचे तुकडे व्हावे लागत नाहीत. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे पावडर पाण्यात ढवळून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी आणि ती ७० च्या खाली असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. साखर सावरली की काहीतरी खायला द्यावे. माणूस गुंगीत असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता, मधसुद्धा न चाटवता, कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा. माझ्या मते ज्या घरात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी येते, त्या घरात ग्लुकोजचा डबा मिठाच्या बरणीइतका हाताशी असावा.

आता उपवासाविषयी. सासूबाईंचे वय, गोळीतील औषध आणि नुकताच घडलेला प्रसंग पाहता निर्जळी उपवास त्यांनी करू नये, असे मी स्पष्टच सांगतो. दूध, ताक, फळ, भगर घेऊन दिवस काढायचा असेल, तर आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून त्या दिवसापुरती मात्रा बदलून घ्यावी. बरेचदा ग्लिमेपिराइड त्या दिवशी वगळले जाते किंवा संध्याकाळच्या आहाराबरोबर कमी करून दिले जाते. मुलाने किंवा सुनेने तर्काने अर्धी गोळी मोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि बटाट्याचा कीस यांवर ‘एकादशी दुप्पट खाशी’ करणाऱ्यांची साखर मात्र त्याच दिवशी तीनशेला टेकते, हेही मी दर आषाढीनंतर दवाखान्यात पाहतो. वारीला पायी जाणाऱ्यांनीही हाच सल्ला घ्यावा, कारण दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणारा माणूस आणि घरात बसलेला माणूस यांना एकच मात्रा मानवत नाही. रोजे ठेवणाऱ्या वाचकांची औषधेही अशीच आधी बोलून इफ्तार आणि सहरीच्या वेळांवर बसवून घ्यावी लागतात.

प्रश्न : माझे वय ५४. पूर्वीपासून एक गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. अँजिओप्लास्टीनंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नवी गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली. जुनी बंद करा असे कोणी म्हटले नाही, म्हणून दोन्ही घेतो. तीन आठवड्यांपासून जुलाब होतात आणि तोंडाला धातूसारखी चव असते. दोन्ही पाकिटांची छायाचित्रे सोबत पाठवली आहेत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : छायाचित्रांत दिसते ते असे. जुन्या गोळीत व्हिल्डाग्लिप्टिन ५० आणि मेटफॉर्मिन १०००, तर नव्या गोळीत सिटाग्लिप्टिन ५० आणि मेटफॉर्मिन ५०० आहे. पाकिटांचे रंग वेगळे आणि कंपन्याही वेगळ्या असल्या, तरी व्हिल्डाग्लिप्टिन आणि सिटाग्लिप्टिन ही एकाच गटातली भावंडे असून ती एकत्र घेण्यात काही लाभ नाही. मेटफॉर्मिन तर आपल्या पोटात दिवसाला ३००० मिलिग्रॅम जात आहे. साधारणपणे दिवसाची मर्यादा २००० ते २५०० च्या आसपास मानली जाते. जुलाब आणि धातूची चव बहुधा त्याचीच खूण आहे.

आजच दोघांपैकी एका डॉक्टरांना फोन करून या दोन गोळ्यांपैकी कोणती ठेवायची ते ठरवून घ्या. तोवर दोन्ही एकत्र घेऊ नका, पण मनानेच दोन्ही बंदही करू नका. जुलाब दिवसातून अनेक वेळा होत असतील, उलट्या होत असतील किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर मात्र फोनवर न थांबता दवाखाना गाठा. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि मेटफॉर्मिन बाहेर टाकले जात नाही. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी या भेटीत करून घ्या.

असे घोळ मला आठवड्यातून एकदा तरी दिसतात आणि त्यात रुग्णाचा दोष फार थोडा असतो. नावापुढे एम, एमव्ही, फोर्ट, १, २ अशी शेपटे लावलेल्या गोळ्यांत नेमके काय आहे, हे कधी कधी आम्हा डॉक्टरांनाही पाकीट उलटवूनच पाहावे लागते. त्यातच दुकानदार दहाच्या पाकिटातून सहा गोळ्या कात्रीने कापून देतो, आणि नाव व मुदत नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते. शक्यतो पूर्ण पाकीट घ्यावे, आणि प्रत्येक डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांच्या जोडीला घरातली सगळी पाकिटे, रिकामीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत.

प्रश्न : मेटफॉर्मिनने किडनी खराब होते असे ऐकल्यामुळे मी ते सोडून ओळखीच्या एकांकडचे चूर्ण घेतो. साखर छान खाली आली आहे. हे योग्य आहे ना? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. मेटफॉर्मिन मूत्रपिंडे बिघडवत नाही. मूत्रपिंडे बिघडलेली असतील तर ते शरीरात साचते, आणि म्हणून त्या वेळी कमी किंवा बंद करावे लागते. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारा आकडा, ४५ च्या वर असेल तर ते बहुधा चालू ठेवता येते, ३० ते ४५ मध्ये मात्रा कमी करतात, आणि ३० च्या खाली ते देत नाहीत. मूत्रपिंडे बिघडतात ती मुख्यतः वर्षानुवर्षे चढी राहिलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी रंगद्रव्याचे इंजेक्शन द्यायचे असेल, तर आपण मेटफॉर्मिन घेता हे आधी अवश्य सांगा.

चूर्णाबद्दल मला अधिक काळजी वाटते. लेबल नसलेल्या अशा चूर्णांत ग्लिबेनक्लेमाइडसारखी साखर उतरवणारी आधुनिक औषधे मिसळलेली तपासण्यांत आढळली आहेत. साखर ‘छान’ उतरते ती अशानेही उतरू शकते, आणि किती उतरेल याचा हिशेब कोणाकडेच नसतो. ते थांबवा, आणि थांबवल्यावर साखर चढेल हे लक्षात घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

थोडक्यात : शौचातून अख्खी गोळी पडल्यासारखी दिसते, असे वाईच्या वाचक लिहितात. हळूहळू विरघळणाऱ्या मेटफॉर्मिनचे ते रिकामे कवच असते, औषध शोषले गेलेले असते; अशी गोळी चावू वा कुटू नये. पायाला मुंग्या येण्याबद्दल विचारणाऱ्या नाशिकच्या वाचकांनी आठ वर्षे मेटफॉर्मिन घेतले असल्याने बी-१२ या जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्यावी. डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या वाचकांनी हे औषध साधारणपणे तीन दिवस आधी बंद करतात हे शल्यविशारदांना आजच विचारून घ्यावे, कारण उपाशी पोटी या औषधाने साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल वाढू शकते.