गिऱ्हाईकांना कंटाळून घरचं बंदुकीचं दुकान बंद करतोय, चुकतंय का?

प्रश्न: नमस्कार. तुमचं सदर आमच्याकडे बायको वाचते आणि लिहा म्हणून तिनेच मागे लागून लिहायला लावलं, त्यामुळे काही चुकलं तर तिच्यावर ढकला. मी कुडाळ तालुक्यातला, वय ५४. वडिलांनी घरातच बंदुका-काडतुसं विकायचं लायसन काढलं तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, जुने कागद अजून रत्नागिरीचेच आहेत. दुकान म्हणजे काय, ओटीच्या बाजूची एक खोली, ग्रिल, भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट आणि टेबल. वडील गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं. विक्री म्हणाल तर बारा बोरची काडतुसं, ठासणीवाल्यांसाठी (ज्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ठासून भरतात) टोप्या आणि छर्रे, वर्षाकाठी एखादी बंदूक, ती पण बहुतेक जुनीच. त्यात पोट भरत नाही, काजूची बाग आहे म्हणून चाललंय.

मला वात आणलाय तो गिऱ्हाईकांनी. रात्री साडेअकराला फोन, 'डुकर इलो हा शेतात, एलजी आसत काय?' (एलजी म्हणजे जाड छर्ऱ्यांची काडतुसं.) लायसन मागितलं की 'अरे घराक रवला, दोन काडतुसां दी मरे, उद्या हाडून दाखयतंय', आणि ती उद्या काय उजाडत नाही. नाही म्हटलं की 'तुझ्या बापाशीन कदी इचारल्यान नाय.' एकजण पावसाळाभर पडवीत ठेवलेली कागदी नळीची काडतुसं घेऊन आला, फुगलीत, नळीत जात नाहीत, बदलून द्या म्हणाला, मी नाही दिली तर बाजारात मला चोर म्हणून सांगत फिरला. एका पुढाऱ्याच्या माणसाला मागच्या तारखेची एंट्री हवी होती. शिवाय लोकांच्या ११ बंदुका माझ्याकडे जमा आहेत, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी आल्या तेव्हा निवडणुकीपुरत्या ठेवल्या त्या काही अजून तशाच, चार मालकांचे तर फोनच लागत नाहीत. आणि गेल्या महिन्यात एका गृहस्थाने दुनळी दुरुस्तीला म्हणून आणली, खुर्चीला टेकवून पाणी प्यायला लागला, मी उघडून बघतो तर दोन्ही नळ्या भरलेल्या. बाजूला नात खेळत होती. त्या दिवसापासून बायको म्हणते बंद करा. मुलगा पुण्यात असतो, त्याला यात पडायचं नाही. भावकी म्हणते वडलांचं नाव बुडवतोस. कंटाळून बंद करणं बरोबर आहे का, आणि करायचं तर कसं, की नुसतं कुलूप लावलं तर चालेल?

उत्तर: शेवटापासून सुरू करतो. नुसतं कुलूप लावून अजिबात चालणार नाही. बाकी सगळं नंतर, पण हे डोक्यात पक्कं ठेवा. किराणा दुकान असतं तर बंद करून तुम्ही काजू वेचायला मोकळे होतात. मी स्वतः बरीच वर्षं सरकारी नोकरीत आर्म्सच्या टेबलावर काढलीत, आणि कुलूपबंद दुकानातल्या बंदुकांचा हिशोब लावता लावता काय हाल होतात ते बघितलंय, पंचनामे, वाळवी लागलेली रजिस्टरं, वारस मुंबईला, आणि शेवटी जबाबदारी कोणाची तर ज्याचं नाव लायसनवर आहे त्याची.

आता बरोबर की चूक. त्या भरलेल्या दुनळीनंतरही तुम्ही मला हे विचारताय याचंच मला आश्चर्य वाटलं. उधारी, घासाघीस, बाजारात बदनामी हे सगळ्या दुकानदारांच्या नशिबी असतं, मासळीवालीला विचारा. पण राहत्या घरात, नात खेळते त्या खोलीत भरलेली बंदूक येते, हे गिऱ्हाईक त्रासदायक आहे एवढ्यावर सोडून द्यायचं प्रकरण नाही. तुमच्या बायकोला ते पहिल्या दिवशी कळलं. बंद करा. वडलांच्या नावाचं म्हणाल तर वडलांच्या नावावर आता काही नाही, लायसन तुमच्या नावावर आहे, भावकीतला एकही जण ओरोसला कलेक्टर ऑफिसात तुमच्या जागी उत्तर द्यायला येणार नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'ती उद्या काय उजाडत नाही' असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे काडतुसं दिली गेलीत. भिडेखातर दिली असणार, समजतं मला, कोकणात गावातल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे देवळात पाठ करून बसण्यासारखं. पण भीड ही भिकेची बहीण म्हणतात ना, तुमच्या धंद्यात ती जेलची बहीण आहे. समोरच्याला ते बाळगायचा हक्क आहे की नाही हे आधी न बघता शस्त्र किंवा काडतूस त्याच्या हातात देणं हाच १९५९ च्या शस्त्र कायद्यात वेगळा गुन्हा आहे, कलम २९ वाचा. त्याचं लायसन खरंच घरी असलं तरी तुम्ही ते बघितलेलं नाही, संपला विषय. मुदत संपलेली असू शकते, वर्षाचा कोटा भरलेला असू शकतो, लायसनवर यूआयएन, म्हणजे लायसनधारकाचा वेगळा ओळख क्रमांक, नसू शकतो. मागच्या तारखेच्या एंट्रीचं तर बोलायलाच नको. तेव्हा दुकान बंद व्हायचं तेव्हा होईल, तोपर्यंतच्या प्रत्येक दिवशी 'लायसन दाखव, मग काडतूस' एवढं एकच वाक्य. ग्रिलवर कागद चिकटवा मोठ्या अक्षरात, म्हणजे 'नाही' हे तुम्ही म्हटलं नाही, कागदाने म्हटलं. हसू नका, आमच्या टेबलावर ही युक्ती चालायची.

रात्रीच्या डुकरवाल्याबद्दल दोन शब्द. शेतकऱ्याची बाजू मी कमी लेखत नाही, भात पोटरीला आलं की एका रात्रीत डुकरं सगळं लोळवून जातात आणि माकडं शहाळी पाडतात ती वेगळी. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळावी ही तरतूद शस्त्र कायद्यातच आहे, कलम १३ मध्ये. पण बंदुकीचं लायसन म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नाही, त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो आणि परवानगी वनखात्याकडून घ्यावी लागते. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि उरलेल्यांना मटणाशी मतलब असतो. साडेअकराचा फोन उचलायचाच बंद करा.

आता बंद करायची पद्धत. लायसनधारकाने स्वतः अर्ज केला तर लायसन रद्द करता येतं, कलम १७ मध्ये तसं आहे, अर्ज ज्या अधिकाऱ्याने लायसन दिलं त्याच्याकडे. पण घाईने उद्याच अर्ज टाकू नका. लायसन रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या कपाटात एक जरी काडतूस राहिलं तरी तुम्ही विनापरवाना आणि त्या ११ बंदुका पण. आधी कपाट रिकामं करायचं, मग अर्ज. नवीन माल मागवणं आजपासून बंद. शिल्लक काडतुसं लायसनवाल्या गिऱ्हाईकांना नियमाने विका, उरतील ती दुसऱ्या लायसनधारक डीलरला द्या, घाट चढून कोल्हापूरला जावं लागलं तरी जा, पण नेण्याआधी ऑफिसला लेखी कळवून परवानगी घ्या आणि दोन्हीकडच्या रजिस्टरात एंट्री झाल्याशिवाय माल गाडीतून उतरवू नका. ठासणीसाठीची काही बंदुकीची दारू पडून असेल तर ती आधी हलवा. घरात चूल असते, उदबत्ती असते, मे महिन्यातली पत्र्याची खोली असते.

खरी डोकेदुखी लोकांच्या बंदुकांची. त्यांचे दोन ढीग करा. ज्यांचं लायसन चालू आहे त्यांना लेखी कळवा, अमुक तारखेपर्यंत लायसन दाखवून घेऊन जा किंवा दुसरीकडे जमा करा, आणि हे फोनवर नाही, स्पीड पोस्टने, पावती जपून. (रजिस्टर पोस्ट मागू नका, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय.) ज्यांचं लायसन संपलंय किंवा मालकच गेलाय त्यांना बंदूक परत द्यायचीच नाही, कितीही ओळखीचा मुलगा आला आणि कितीही रडला तरी. अशा बंदुका पोलिस ठाण्यात किंवा लायसनधारक डीलरकडे जमा ठेवायच्या असं कलम २१ सांगतं, आणि तुम्ही डीलर राहणार नसाल तर उरतं पोलिस ठाणं. तिथे मालखान्यात जागा नाही म्हणून टाळाटाळ होईल, होतेच, तुम्ही यादी घेऊन लेखी अर्ज द्या, प्रत कलेक्टर ऑफिसला, बंदुकीच्या नंबरवार जमा पावती घेतल्याशिवाय हलू नका. ठरलेल्या मुदतीत कोणी दावा केला नाही तर सरकारजमा करायचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहेत, तो त्यांचा प्रश्न. त्या चार न लागणाऱ्या फोनांचा ताप तुम्ही घरात सांभाळायचं काही कारण नाही.

सगळं झाल्यावर कपाट रिकामं असल्याचा पंचनामा, मग लायसन रद्दचा आदेश हातात, आणि रजिस्टरं कुठे द्यायची ते त्याच आदेशात लिहून घ्या. वडलांच्या हातची जुनी रजिस्टरं आठवण म्हणून माळ्यावर ठेवायचा मोह होईल तर आधी विचारून घ्या. जीएसटी नंबर असेल तर तोही रद्द करायचा अर्ज लागेल आणि नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरायचं असतं, हे अनेकजण विसरतात आणि मग लेट फी भरत बसतात.

तुमचं पत्र मिळाल्यावर मी फोन केला तेव्हा तुम्ही विचारलंत की निदान एअरगन तरी ठेवू का, त्याला लायसन लागत नाही ना. २० ज्यूलच्या आतली आणि .१७७ बोरची असेल तर बाळगायला नाही लागत, खरंय. पण मग तीच माणसं त्याच ओटीवर येणार, 'एअरगनीबरोबर दोन काडतुसां पण बघ ना' म्हणत. बंद म्हणजे बंद. खोलीत काजूची पोती ठेवा.

प्रश्न: मी डोंबिवलीत राहतो, गाव कणकवलीजवळ. बाबा सहा वर्षांपूर्वी वारले, त्यांची ठासणीची बंदूक गावच्या एका डीलरकडे जमा आहे. तो आता पत्र पाठवून सारखा मागे लागलाय की निकाल लावा. गणपतीला गेलो तेव्हा मागितली तर द्यायला तयार नाही, उद्धटपणे बोलला. आमचीच बंदूक आम्हाला का देत नाही? आणि पालखी नाचवताना बार काढायला ती दरवर्षी लागायची, घरची प्रथा आहे.

उत्तर: तुम्हाला उद्धट वाटलेला तो माणूस कायद्याने वागतोय, आणि सहा वर्षं तुमची बंदूक तेलपाणी करून सांभाळतोय, बहुतेक फुकटात. बाबांबरोबर बाबांचं लायसन संपलं. बंदूक घराण्याची असली तरी हातात घ्यायचा हक्क लायसनने येतो आणि ते तुमच्याकडे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांची ना हरकत जोडून. खरं तर धारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने करता येतं, बाबा असताना झालं असतं तर आज हा प्रश्न आला नसता. गावी अजून आई-बाबा आणि बंदूक दोन्ही आहेत अशा इतर वाचकांनी हे वाक्य परत वाचा.

पण तुम्ही अर्ज कशासाठी करणार? पीकसंरक्षणासाठी म्हणाल तर तलाठी आणि पोलिस विचारतील शेती कोण करतं, आणि डोंबिवलीतून माकडं हाकलता येत नाहीत. गावात भाऊ किंवा पुतण्या खरोखर शेती करत असेल तर त्याच्या नावाने करा, नाहीतर परवानगी घेऊन एखाद्या लायसनवाल्याला विका, तेही नको असेल तर पोलिसात जमा करून मोकळे व्हा. पालखीतल्या बाराचं विसरा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदात हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिमग्यात पालखीभोवती पोरं किती दाटीने नाचतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा बाबांच्या मृत्यू दाखल्याची झेरॉक्स, बंदुकीचं जुनं लायसन आणि सहा वर्षांचं ठेवणावळीचं भाडं घेऊन दुपारी चारनंतर त्या डीलरकडे जा, जेवणाच्या वेळी नको.