ठाण्यात नवा फ्लॅट घेतलाय, हॉल लहान आहे. भिंतींना पांढराच रंग द्यावा का, आणि सजावटीला काय काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय: कोलशेत रोडला चौदावा मजला, हॉल १६ बाय १०, गॅलरी पश्चिमेला. इंटिरियरवाला म्हणतो लहान हॉलला पांढराच, बायकोला एक भिंत गडद हवी, आणि तुम्ही मधल्या मध्ये. यातलं 'लहान हॉलला पांढराच' हे वाक्य मी २०१३ पासून ऐकतेय, आमच्या मोठ्या दिरांच्या तोंडून. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगते. बायकोचं ऐका. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल.

आमचं घर नौपाड्यात, दुसरा मजला, बिल्डिंग १९७८ ची. हॉल १४ बाय १०. खिडकी एकच आणि तिच्यासमोर बारा फुटांवर शेजारची बिल्डिंग. म्हणजे आमच्याकडे उजेड आकाशातून येत नाही, शेजाऱ्यांच्या भिंतीवर आपटून येतो. तीस-पस्तीस वर्षं आमच्या भिंती पांढऱ्याच होत्या, आधी चुना, मग डिस्टेंपर. पांढऱ्या रंगाचं असं आहे की तो पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत देतो, पण आधी उजेड पडायला तर हवा! नसलेला उजेड तो कुठून देणार? आमचा हॉल सकाळी अकरा वाजता जुलैसारखा दिसायचा, मे महिन्यात. त्यात स्विचबोर्डाभोवती बोटांचे ठसे, आणि सोफ्याच्या वर तेल लावलेल्या डोक्यांचे तीन गोल. लहानपासून मोठ्यापर्यंत, फॅमिली फोटोसारखे.

२०१३ च्या गणपतीआधी मी सोफ्यामागची भिंत शेवाळी हिरवी करायची ठरवली. दुकानात शेड कार्डावरचा बोटाएवढा तुकडा बघितला, नाव आवडलं, डबा आणला. सॅम्पल लावून बघायला हवं होतं, बघितलं नाही. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, "ताई, नक्की हाच ना?" मी म्हटलं मारा दोन हात.

सासूबाई आमच्याकडे, त्यामुळे गणपतीही आमच्याकडे. वाशीचे मोठे भाऊजी दारात आले, एक चप्पल काढली, दुसरी पायातच, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "केसपेपर कुठे काढायचा?"

सगळं घर हसलं. नवरासुद्धा हसला, ते मी विसरलेले नाही. आणि खरं सांगायचं तर भिंत तशीच दिसत होती. सरकारी दवाखान्याचा तो कमरेपर्यंतचा हिरवा ऑइल पेंट असतो ना, तोच. जेवताना भाऊजींनी व्याख्यानही दिलं: लहान जागा, गडद रंग, भिंत अंगावर येते, पांढऱ्याने जागा मोठी दिसते, हे सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. (सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला हे शिकवत नाहीत, मी भाचीला विचारलं.) दीड दिवसाचं विसर्जन करून ते वाशीला गेले.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी हॉलची ट्यूब फडफडायला लागली आणि बंद पडली. स्टार्टर गेला होता, आणायला जायला कोणी नाही, बायका हळदीकुंकवाला यायच्या वेळेला. मखराच्या माळेतले पिवळे दिवे होते, दोन समया होत्या, आणि नवऱ्याने आतल्या खोलीतला जुना साठचा पिवळा बल्ब काढून होल्डरला वायर जोडून कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवला. पहिली बाई आत आली ती थांबलीच. "भिंत नवीन केलीत?" मी वळून बघितलं. दवाखाना नव्हताच. ओल्या पानाचा, खोल असा हिरवा, आणि त्याच्यापुढे सासूबाईंचं पितळी घंगाळ, काठावरची पोचसुद्धा सोन्यासारखी चमकत होती. मागची भिंत मागे गेली होती, अंगावर वगैरे काही आली नव्हती. अंधारात कडा दिसत नाहीत, म्हणून भिंत कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही. गडद रंग हे काम करतो, आणि पांढरा रंग ते कधीच करू शकत नाही, कारण तो चारी कोपरे ओरडून सांगतो.

हे बघायला भाऊजी नव्हते. ते वाशीत होते.

मग मी डोकं चालवलं. गुन्हेगार दोन निघाले. एक आमची ट्यूब. पाकिटावर केल्विनचा, म्हणजे उजेड पिवळा की निळसर ते सांगणारा आकडा असतो, तो कोणी वाचत नाही. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, दुकानदार त्याला कूल डे लाइट म्हणतो आणि न विचारता तोच देतो, कारण आपल्याकडे 'लख्ख' म्हणजेच चांगला उजेड. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, वॉर्म व्हाइट. ४००० मधला, स्वयंपाकघराला उत्तम. तुमचा रंग कुठलाही असो, ६५०० च्या उजेडात हिरवा आजारी दिसणार, मातकट रंग मेल्यासारखे दिसणार, आणि पाहुणेही. दुसरा गुन्हेगार समोरची बिल्डिंग. आदल्याच वर्षी त्यांनी ती गडद केशरी केली होती, आणि दिवसभर तो केशरी उजेड आमच्या हिरव्यावर पडून त्याचा चिखल करत होता. खिडकीला मलमलचा पांढरा पडदा लावला तेव्हा अर्धा चिखल गेला. उरलेला पुढे त्यांनी बिल्डिंग क्रीम केली त्या दिवशी गेला, माझा एक पैसा न लागता. आमच्या भिंतीवर सगळ्यात चांगला परिणाम झालेलं रंगकाम हे दुसऱ्यांच्या पैशाने झालेलं आहे.

तेव्हा शेड कार्ड घेऊन दुकानात उभं राहू नका. छोटा डबा सॅम्पलचा आणा, दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारा, एक खिडकीजवळ आणि एक आतल्या कोपऱ्यात. दोन हात, कारण एका हाताने काही कळत नाही, आणि पाण्याचे इमल्शन रंग वाळल्यावर थोडे गडद होतात. सकाळी, चार वाजता आणि रात्री दिवे लावून बघा. बायकोबरोबर बघा. इंटिरियरवाल्याला त्या वेळी बोलावू नका.

आणि गडद रंग ही काही परदेशी फॅशन नाही, हे त्याला जरूर सांगा. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे २०१४ ला पालघर वेगळा निघाला त्याआधीच्या, वारली घरांत खिडक्या नसल्यासारख्याच. उजेड दारातून काय येईल तेवढा. त्या लोकांनी भिंत पांढरी केली का? शेणाने सारवली, गेरू लावला, आणि वरून तांदळाच्या पिठाने पांढरी रेघ ओढली. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते चित्र, त्या काळोख्या भिंतीवर उठून दिसतो तो गेरूमुळे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती या पांढऱ्या रेघेसाठी. आता लोक काय करतात, पांढऱ्या भिंतीवर काळ्या वारलीचे स्टिकर चिकटवतात. बरोब्बर उलटं. आणि त्या नाचणाऱ्या गोलाच्या मधोमध स्विचबोर्ड.

सजावटीचं विचारलंत. 'काय काय घ्यावं' हा प्रश्नच मला खटकतो. एका रविवारी जाऊन गाडी भरून आणलेली सजावट त्या दुकानाची असते. तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात आयकिया उघडलं तेव्हापासून माझ्या ओळखीच्या घरांत तोच कागदी गोल दिवा आहे. दिवा वाईट नाही, माझ्याकडेही आहे, पण त्याच्या खाली तुमचं काहीतरी असू द्या. प्लॅस्टिकचं गवत लावलेली भिंत, इंग्रजीत 'हसा, प्रेम करा' सांगणाऱ्या पाट्या, उलटं वाहणारं कारंजं: नको, नको, नको. घोडबंदरच्या बाजूला मेट्रोच्या कामाची आणि ट्रकांची जी धूळ आहे ती बघता उघड्या फळ्यांवर दहा वस्तू म्हणजे रोजचे दहा नमस्कार. तीन ठेवा.

आमच्याकडे ते घंगाळ आहे, तेवढं पुरतं. गिरगावातली खोली विकली तेव्हा सामानाची वाटणी झाली. भाऊजी म्हणाले मोडीत घाला, पितळेला भाव बरा आलाय. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या काठावरच्या पोचेवरून अंगठा फिरवत बसल्या. सासरे चाळीच्या जिन्यावरून ते नेताना एकदा हातातून सुटलं होतं, दोन मजले वाजत गेलं, आणि खालच्या बिऱ्हाडातल्या बाई भूकंप म्हणून बाहेर आल्या, त्याची ती पोच. मी म्हटलं मी नेते. लोकलने आणलं, दुपारच्या गाडीने, लगेजच्या डब्यातून. रोज त्यात वर्तमानपत्रं असतात, दिवाळीत पाणी भरून शेवंती आणि पणत्या. चिंच-मिठाने घासते, कंटाळा आला तर पितांबरी. लखलखीत ठेवत नाही, थोडं काळवंडलेलंच हिरव्यापुढे छान दिसतं. लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा हात मारून कायमचं चमकवतात, ते करू नका, निघायला लागलं की चट्टे पडतात.

तुमच्या घरात असं काही नसेल असं म्हणू नका. आईकडे विचारा, माळ्यावर बघा. पानाचा डबा, परात, वाकळ, आजोबांचं घड्याळ, बंद असलं तरी. कुशनना खणाचं कापड घ्या. पन्हा अरुंद असतो, पण सोळा इंची कुशनला पुरतो, आणि हिरवी भिंत असेल तर जांभळा-लाल काठ पाहा. आधी एकदा वेगळं धुऊन रंग जातो का ते बघा, नाहीतर पाहुण्यांच्या शर्टाला रंग लागेल.

आता गेल्या दिवाळीचं. भाऊजींनी वाशीचा फ्लॅट नवीन केला, आम्हाला फराळाला बोलावलं. अकरा वर्षं हा माणूस आमच्या दारात येऊन 'केसपेपर' म्हणतोय. आत गेलो तर टीव्हीमागची भिंत हिरवी! बॉटल ग्रीन. "डिझायनरने सुचवलं," भाऊजी म्हणाले, "याला अ‍ॅक्सेंट वॉल म्हणतात, आता हाच ट्रेंड आहे." जाऊबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या चकल्यांकडे बघत होत्या. मी वर बघितलं. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये चारी बाजूंनी लपवलेल्या एलईडी पट्ट्या, निळसर पांढऱ्या, बर्फासारख्या. भिंत कशी दिसत होती ते तुम्ही ओळखलंच असेल. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण दिवाळीचा दिवस, माणसाचं वय बहात्तर. "छान झालाय," म्हटलं, आणि अनारसा घेतला. पट्ट्या बदलायच्या आहेत हे अजून सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगीन.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. माझा दुसरा मजला, तुमचा चौदावा, समोर काही नाही आणि गॅलरी पश्चिमेला. म्हणजे उजेडाचं माझं रडगाणं तुम्हाला लागू नाही, उलट चार वाजल्यानंतर तुमच्याकडे ऊन पिवळं-तांबडं होऊन थेट आत येणार. त्यात लाल-केशरी भिंत पेटल्यासारखी दिसेल. हिरवा, निळसर राखाडी झेपेल. पांढराही तुमच्याकडे चांगला दिसेल, हे मला कबूल करावं लागतंय. पण एक भिंत बायकोची.

पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर गडद रंग तिला देऊ नका. पावसाचा मारा तिकडूनच येतो, ओल आली की पांढरे खार फुटतात, आणि गडद रंगावर ते नकाशासारखे दिसतात. आधी एक पावसाळा काढा, मग ठरवा. बिल्डरने दिलेल्या रंगावर वर्षभर राहिल्याने कोणी मरत नाही. गडद रंग मॅटमध्ये घ्या, चकचकीत घेतला तर पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दिसतो. मात्र मॅटवर फडका घासला की तिथे चकचकीत चट्टा पडतो, म्हणून उरलेला रंग बाटलीत भरून ठेवा. रंगारी नवरात्राच्या आधी सांगून ठेवा, दसरा-दिवाळीच्या मध्ये तो कोणाचाच नसतो.

वास्तूसाठी धावणाऱ्या सात घोड्यांचं चित्र घ्यावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. विकत घेऊ नका. भाऊजींनी आम्हाला दिलेलं माळ्यावर आहे, चार फूट बाय अडीच, काच शाबूत. नौपाड्यातून घेऊन जायची तयारी असेल तर कळवा.